पास्त्याचा टोमॅटो सॉस घरी कसा करायचा? माझं दर वेळी सारच होतंय

पुदिना_पराठा

नमस्कार मंडळी. लेकीला (वय ९) मैत्रिणीच्या वाढदिवसाला रेड सॉस पास्ता मिळाला आणि तेव्हापासून आमच्याकडे पोळीभाजीला कोणी विचारत नाही. दर शनिवारी पास्ता. आधी आयता बरणीतला सॉस आणत होते, पण बरणी अडीचशे-तीनशेला, चौघांत एकदाच पुरते, आणि मागचं लेबल वाचलं तर त्यात साखर. म्हटलं टोमॅटोच तर आहेत, घरी करू, त्यात काय एवढं.

तर आत्तापर्यंत तीनदा केलाय आणि तीनही वेळा फसलाय. कृती सांगते, हसू नका. सहा-सात टोमॅटो कच्चेच मिक्सरला फिरवले, कढईत तेल, लसूण आणि जिरं (सवयीने पडलं हो हातून), त्यावर ती प्युरी, अर्धी वाटी पाणी, दोन चमचे केचप, मिरीपूड, पाकिटातलं ओरेगॅनो. दहा मिनिटं उकळलं. रंग लाल यायच्या ऐवजी गुलाबीसर, वर फेस, चव आंबट आणि कच्चट, आणि पास्त्यावर घातलं की पास्ता एकीकडे नि पाणी एकीकडे. लेक म्हणाली "आई हे सार आहे, यात भात घालू का?" साबांनी (सासूबाईंनी) खरंच भात घालून खाल्लं आणि वर छान झालंय म्हणाल्या.

कुठे चुकतंय? अट एकच, सोपं हवं. ऑफिसमधून आल्यावर दोन तास ढवळत बसायचं त्राण नसतं. आणि पुण्यात मंडईत जे मिळतं त्यातच करायचंय.

अर्धा_चहा

जिऱ्याची फोडणी दिलीत तिथेच इटली संपली आणि सदाशिव पेठ सुरू झाली. हलकेच घ्या.

साबांना पूर्ण मार्क.

रानजाई

आधी ते केचप काढा. त्यात व्हिनेगर आणि साखर, म्हणजे आंबटात आंबट.

मी टोमॅटो कुकरला एक शिट्टी काढून घेते, गार झाले की सालं ओढून काढते, हातानेच कुस्करते, मग तेलात भरपूर लसूण, थोडं काश्मिरी तिखट रंगासाठी, आणि पळीला चिकटेपर्यंत आटवायचं. इटलीतले लोक नावं ठेवतील पण आमच्याकडे मुलं ताट चाटतात त्यामुळे मी कोणाचं ऐकत नाही.

तुरीन_व्हाया_तुळजापूर

पुदिना_पराठा उर्फ पुप, मी आठ वर्षं तुरीनला आहे, इथे सासर नाही पण शेजार सगळा इटालियन, त्यामुळे जे बघून शिकले ते सांगते, थोडं लांबेल.

कच्चे टोमॅटो मिक्सरला जोरात फिरवले की त्यात हवा भरते, तो फेस आणि गुलाबी रंग त्या हवेचा. शिवाय बिया भरडल्या जातात, त्याने चव कडवट होते. आणि पाणी का घातलंत बाई? टोमॅटोत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, आपण ते घालवायला बसलोय. दहा मिनिटांत ते जाणार कुठे?

आता सोपी कृती. मार्सेला हझान नावाच्या बाई होत्या, जन्म इटलीतला, लग्नानंतर अमेरिकेत गेल्या आणि तिकडच्या लोकांना इटालियन स्वयंपाक शिकवला, २०१३ मध्ये वारल्या. त्यांचा सॉस जगात प्रसिद्ध आहे आणि त्यात मीठ सोडून तीन जिनसा: टोमॅटो, लोणी, कांदा. साधारण १ किलो टोमॅटो (सालं काढलेले), ७० ग्रॅम बटर, आणि एक मध्यम कांदा सोलून नुसता मधोमध दोन तुकडे केलेला. चिरायचा नाही, परतायचा नाही. सगळं एकदम पातेल्यात घालायचं, झाकण न ठेवता मंद आचेवर ४५ मिनिटं. मधून मधून येऊन एकदा ढवळायचं आणि मोठा तुकडा दिसला तर पळीने पातेल्याच्या कडेला दाबायचा, बस्स. लसूण नाही, ओरेगॅनो नाही, तुळस नाही. शेवटी कांदा काढून टाकायचा.

झालं हे कसं ओळखायचं तर आपण मसाल्याला कडेने तेल सुटेपर्यंत परततो ना, अगदी तसंच. इथे कडेने लोणी सुटतं. बाईंनी पण हीच खूण सांगितलीय आणि मला वाचून इतकं हसू आलं होतं, म्हटलं हे तर आमच्या आईने सांगितलं असतं.

आपल्याकडचं पिवळं बटर खारट असतं, त्यामुळे मीठ अगदी शेवटी चव बघून.

सालांसाठी: टोमॅटोच्या बुडाला सुरीने फुली मारायची, उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट, लगेच गार पाण्यात, साल आपोआप सुटतं. तेही नको असेल तर अर्धा कापून किसणीवर किसा, गर खाली पडतो आणि साल हातात राहतं.

मोगरा_मावशी

पण मग बियांचं काय? आमच्या ह्यांना मूतखड्यापासून बिया चालत नाहीत म्हणतात. (डॉक्टर काही म्हणालेले नाहीत, हे स्वतःच म्हणतात.)

तुरीन_व्हाया_तुळजापूर

मावशी, त्याला इथे एक यंत्र असतं. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, मूळच्या पुल्याच्या, म्हणजे इटलीच्या बुटाची टाच. दर ऑगस्टला त्या गावी जातात आणि सगळं खानदान मिळून वर्षाचा टोमॅटो भरून ठेवतात. एका वर्षी मलाही नेलं होतं. पहाटे पाचला उठवलं! अंगणात टोमॅटोचे ढीग, मोठ्या हंड्यात शिजवायचे, मग त्या यंत्रात वरून टोमॅटो घालायचे नि दांडा फिरवायचा, खाली जाळीतून नुसता गर पडतो, साल-बिया आतच राहतात. तो गर बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत, प्रत्येकीत एक तुळशीचं (त्यांच्या) पान, वरून बूच ठोकायचं, आणि मग सगळ्या बाटल्या लोखंडी पिंपात रचून उकळायच्या. एकमेकींवर आपटून फुटू नयेत म्हणून मध्ये मध्ये जुनी धुडकी कोंबतात. माझ्याकडे दांडा फिरवायचं काम होतं. दुपारपर्यंत हात कोपरापर्यंत लाल आणि खांदा गेला कामातून.

मोगरा_मावशी

अगं हे तर पुरणयंत्र!!!

अर्धा_चहा

मावशींनी धागा खिशात घातला.

तुरीन_व्हाया_तुळजापूर

देवा. आठ वर्षं मी त्या यंत्राकडे बघतेय आणि माझ्या डोक्यात आलं नाही. हो मावशी, डिट्टो पुरणयंत्र. लहान भोकांची जाळी लावा फक्त, मोठ्या भोकांतून बिया पडतील.

मग सालंबिलं काढायची भानगडच नको. टोमॅटोचे चार-चार तुकडे, झाकण ठेवून दहा मिनिटं त्यांच्याच पाण्यात नरम करायचे, पुरणयंत्रातून काढायचे, तो गर पातेल्यात, त्यात बटर आणि कांदा.

कॅरेटवाला_जुन्नरी

मी स्वयंपाकातला नाही पण टोमॅटोतला आहे, म्हणून लिहितो. जुन्नर तालुक्यात शेती, माल नारायणगावला जातो.

ताई तुम्ही मंडईतून जो टोमॅटो आणता तो वरून लाल दिसतो पण झाडावर लाल झालेला नसतो. आम्ही तोडा करतो तेव्हा तो जेमतेम तांबूस धरलेला असतो, कारण व्यापाऱ्याला कडक माल लागतो, गाडी लांब जायची असते, २० किलोचं कॅरेट एकावर एक रचलं की खालचा माल दबून पाणी सुटायला नको. जात पण तशीच निवडलेली, जाड सालीची, टिकणारी. म्हणजे चवीसाठी आम्ही पिकवतच नाही हे खरं आहे, आम्हाला पैसे वजनाचे आणि कडकपणाचे मिळतात.

घरी आणल्यावर चार दिवस बाहेर ठेवा, टोपलीत, देठाची बाजू खाली, एकावर एक नको. फ्रीजमध्ये घातला की पिकायचा थांबतो आणि चव जाते. दाबल्यावर बोट जरा आत गेलं पाहिजे, वास आला पाहिजे. तेव्हा सॉस करा. आणि सॉसला लांबट अंड्यासारखा घ्या, त्यात गर जास्त. गोल गावरान असतो तो रसाळ आणि आंबट, तो तुमच्या साबांच्या साराला.

आणखी एक, मंडई उठायच्या वेळी गेलात तर नरम पडलेला माल भाजीवाला पडेल भावात देतो. तोच सॉसला सगळ्यात चांगला. बुरशी किंवा काळा डाग असेल तो मात्र घेऊ नका.

रानजाई

कॅरेटवाले दादा, २०२३ ला तुम्ही लोकांनी आमचा जीव काढला होता, आठवतंय का? आम्ही टोमॅटोऐवजी चिंच घालत होतो दोन महिने.

कॅरेटवाला_जुन्नरी

आठवतंय की. त्या जुलै-ऑगस्टला नारायणगावात कॅरेटला दोन हजारांच्या वर गेला होता. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात किलोला दोन-तीन रुपयेसुद्धा मिळेनात म्हणून लोकांनी रस्त्यावर ओतला, ते कोणाला आठवत नाही. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं निघत नाही तेव्हा झाडावरच सोडून देतो. अशा वेळी शहरातल्यांनी दहा-दहा किलो नेऊन सॉस करून ठेवला तर आमचंही भलं होईल, म्हणून तर हा धागा वाचतोय.

पुदिना_पराठा

दादा तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो दर रविवारी मंडईतून टोमॅटो आणून लगेच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात घालतो आणि वर मलाच सांगतो की बघ किती फ्रेश राहतात.

टोमॅटो टोपलीत ठेवलेत. पुरणयंत्र माळ्यावर आहे. साबांना विचारायची हिंमत गोळा करतेय.

एक प्रश्न, आंबटपणा जास्त वाटला तर साखर घालायची ना?

पीएच_सात

साखरेने आंबट कमी होत नाही, जिभेला फक्त कमी वाटतं. थोडी घालायला हरकत नाही, पण आंबट मारायला साखर ओतत गेलात की चव परत केचपवर जाते. आम्ल खरंच कमी करायचं असेल तर खायचा सोडा. पण चिमूट म्हणजे चिमूटच, १ किलो टोमॅटोला पाव चमच्याच्याही आत. घातला की फसफसतो, फेस बसू द्या, ढवळा, मग चव बघा. जास्त पडला तर सॉस साबणासारखा लागतो आणि मग काही करता येत नाही.

मोगरा_मावशी

आम्ही बाई गुळाचा खडा घालतो सगळ्यात.

तुरीन_व्हाया_तुळजापूर

मावशी :) इथे गाजर घालतात, अर्धं गाजर बारीक किसून. पण पिकलेला टोमॅटो आणि बटर असेल तर साखर-सोडा-गाजर काहीच लागत नाही, स्निग्धपणाने आंबट आपोआप बसतं.

जर्सी_जोशीण

आमच्याकडे उलटा प्रॉब्लेम, ताजे टोमॅटो वर्षातले दहा महिने रबरासारखे, त्यामुळे डबाच घ्यावा लागतो. परदेशातल्यांसाठी एक टीप, डबा घेताना अख्खे सोललेले टोमॅटो घ्या, फोडी केलेला डबा सॉसला घेऊ नका. फोडींच्या डब्यात बहुतेक वेळा कॅल्शियम क्लोराईड असतं, फोडी फोडीच राहाव्यात म्हणून, आणि मग तुम्ही तासभर शिजवा, त्या विरघळत नाहीत. मी दोन वर्षं गॅसला दोष देत होते.

सान मार्झानो म्हणून जे महाग डबे असतात ते व्हेसुव्हियस ज्वालामुखीजवळच्या पट्ट्यातले लांबट टोमॅटो, १९९६ पासून त्या नावाला युरोपात संरक्षण आहे, आपल्या हापूसला आहे तसं. आणि हापूससारखंच, नाव लावून भलतंच विकणारे पुष्कळ. मी मेली साधाच डबा आणते, ४५ मिनिटं बटरमध्ये शिजवल्यावर फरक ओळखणारी जीभ आमच्या घरात कोणाची नाही.

अर्धा_चहा

रत्नागिरी हापूस, पिकवला कर्नाटकात, विकला पुण्यात. समजलं.

शेवग्याची_शेंग

चातुर्मास पाळणाऱ्यांनी काय करायचं? कांदा-लसूण बंद आहे. हा कांदा शेवटी काढूनच टाकायचा असेल तर चालेल का, असं आईला विचारलं तर आईने चपलेकडे बघितलं.

मोगरा_मावशी

काढला तरी खाल्ला तो खाल्लाच. बटर वितळलं की त्यात चांगला हिंग घाल दोन चिमटी, जरा फुलू दे, मग टोमॅटो. कांद्याची आठवण येत नाही. आम्ही आमटीला तेच करतो चार महिने.

शेवग्याची_शेंग

केलं. इटलीचं माहीत नाही, पण आई म्हणाली "आता यात शेव घाल."

पुदिना_पराठा

अपडेट. आणि परत फसलं. रडू येतंय.

पुरणयंत्र मिळालं (साबा देवळात गेल्या होत्या तेव्हा काढलं). टोमॅटो चार दिवसांनी असे मऊ झाले होते की काय सांगू, वासच येत होता. यंत्रातून काय सुरेख गर पडला, लाल, जाड, एक बी नाही. मग बटर, कांदा, सगळं सांगितल्याप्रमाणे. ४५ मिनिटांनी बघते तर रंग काळपट तपकिरी आणि चव… चव खिळा चोखल्यासारखी. कांदापण काळा. काय झालं हे?

पीएच_सात

कशात केलंत?

पुदिना_पराठा

कढईत. लोखंडी. परवाच घेतलीय, लोह मिळतं म्हणून.

पीएच_सात

मिळालं की मग लोह.

टोमॅटोचं आम्ल लोखंडाशी लागतं. भाजी पाच मिनिटांत उतरते म्हणून तिथे जाणवत नाही, इथे तुम्ही पाऊण तास मुरवलंत. अॅल्युमिनियमच्या पातेल्यातही करू नका, आणि कल्हई उडालेल्या पितळीत तर मुळीच नाही. जाड बुडाचं स्टीलचं घ्या, आणि उभट नको, पसरट. पसरट भांड्यात वाफ लवकर जाते, तुमची १० मिनिटं वाचतील.

रानजाई

अगं पुप वाईट वाटून घेऊ नकोस. मी एकदा लोखंडी तव्यावर चिंचेचं सार करायला गेले होते. तव्यावर कसं केलं विचारू नका, हॉस्टेल होतं.

इतिहासात_नापास

अवांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला, युरोपात सोळाव्या शतकात पोचला, आणि इटलीतले लोक पुढे पुष्कळ वर्षं त्याच्याकडे संशयाने बघत होते. इटालियनमध्ये छापलेली टोमॅटो सॉसची सगळ्यात जुनी कृती मिळते ती नेपल्समधली, १६९० च्या दशकातली, अंतोनियो लातिनी नावाच्या मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याची. त्यात काय आहे ऐका: टोमॅटो निखाऱ्यावर भाजायचे, सालं काढायची, बारीक करायचे, त्यात कांदा, मिरची, एक रानटी पाला, मीठ, तेल, व्हिनेगर. आणि त्याचा पास्त्याशी काहीही संबंध नाही, तोंडीलावणं म्हणून खायचं. त्याने नावच दिलंय स्पॅनिश पद्धतीचा सॉस.

म्हणजे ही आपली भाजलेल्या टोमॅटोची चटणी झाली की नाही? जिरं टाकलंत म्हणून धागाकर्तीला हसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

अर्धा_चहा

घेतली. पण जिरं नव्हतं त्यात.

तुरीन_व्हाया_तुळजापूर

पुप, परत करशील तेव्हा एक सांगायचं राहिलं, अर्धा सॉस पास्ता उकळताना होतो. आपल्याकडे पास्ता उकळून, गाळून, वर गार पाणी ओतून मोकळा करतात, भातासारखा. ते नको. त्याच्यावरचा पीठ-पीठ थर धुतला जातो आणि मग सॉस त्याला धरतच नाही, तू लिहिलं होतंस ना पास्ता एकीकडे नि पाणी एकीकडे, ते त्यामुळेही. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी, त्यात १० ग्रॅम मीठ, हा इथला ठरलेला हिशोब. पाकिटावर दहा मिनिटं लिहिलं असेल तर आठव्या मिनिटाला काढायचा, थेट सॉसच्या भांड्यात, आणि ते उकळलेलं पांढरट पाणी डावभर त्यात घालून दोन मिनिटं मोठ्या आचेवर हलवायचं. त्या पाण्यातल्या पिठाने सॉस पास्त्याला चिकटतो. पेजेसारखंच ते.

चौघांना ३५० ग्रॅम पास्ता पुरे. इथे सॉसमध्ये पास्ता पोहत नसतो, नुसता माखलेला असतो.

शेवग्याची_शेंग

बेसिल मिळत नाही आमच्या गावात. देवाजवळची तुळस चालेल?

तुरीन_व्हाया_तुळजापूर

चव वेगळी लागते, लवंगेसारखी, झणझणीत. त्यापेक्षा सब्जा बघ. फालुद्यात ज्याचं बी घालतात तो सब्जा आणि बेसिल ही एकाच जातीची झाडं, वाण वेगळे. सब्जाची पानं जास्त उग्र असतात, म्हणून दोनच पानं, गॅस बंद केल्यावर हाताने तोडून.

मोगरा_मावशी

आणि मरवा? गजऱ्यातला?

पीएच_सात

मावशी आज फॉर्मात आहेत. मरवा म्हणजे मार्जोरम, ओरेगॅनोचा सख्खा भाऊ. चालेल काय, धावेल. फक्त कुंडीतला घ्या, फुलवाल्याकडचा नको, त्यावर काय मारलेलं असतं देव जाणे.

पुदिना_पराठा

मंडळी!!! झाला!!!

या वेळी दीड किलो आणले, अगदी मंडई उठायच्या वेळी, भाजीवाला म्हणाला ताई हे सगळेच घेऊन जा तीस रुपयांत. स्टीलचं पसरट पातेलं. साबांना रीतसर विचारलं, त्या "पुरणाचं यंत्र बाटवणार का आता" म्हणाल्या पण मग स्वतःच दांडा फिरवायला बसल्या आणि शेवटची सालं परत वर घालून दोनदा फिरवली, म्हणे त्यातच गर राहतो, तुमच्या पिढीला दम नाही. आणि खरंच अजून अर्धी वाटी निघाला, तोच सगळ्यात घट्ट.

पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटलं, नुसतं लाल पाणी. मग फुट-फुट आवाज यायला लागला आणि ओट्यामागच्या फरशीवर ठिपके, माझ्या कुर्त्यावर ठिपके, कॅलेंडरवर संकष्टीच्या चौकोनात एक मोठा ठिपका. चाळिसाव्या मिनिटाला पळी तळाला ओढली तर मागे वाट राहिली, लगेच भरून आली नाही. आणि कडेने केशरी लोणी! फोटो काढायचा होता पण हात बरबटलेले. गर जास्त होता म्हणून पंचावन्न मिनिटं लागली, त्यातली पंचेचाळीस मी बाहेर बसून लेकीचे पाढे घेत होते, त्यामुळे सोपं या अटीत बसतं.

चव… गोड म्हणावी तर गोड नाही, आंबट नाही, नुसती टोमॅटोची, पण जास्त. लसूण नाही म्हणून लेकीने नाक मुरडलं होतं, मग तिसऱ्यांदा मागितला. नवऱ्याने तो काढलेला कांदा पावावर ठेवून मीठ-मिरी घालून खाल्ला आणि म्हणतो पुढच्या वेळी दोन कांदे घाल.

रानजाई

वा!! पण मी माझा लसूण सोडणार नाही हां. कांदा ज्यांना नको त्यांच्यासाठी: तेल कोमट असतानाच लसणाचे काप घालायचे, मंद आचेवर कडा जेमतेम पिवळ्या झाल्या की लगेच टोमॅटो. लाल झाला की कडू.

पुदिना_पराठा

निम्मा सॉस उरलाय. काचेच्या बरणीत भरून वर बोटभर तेल ओतून ठेवला तर महिनाभर टिकेल ना, लोणच्यासारखा? साबा म्हणतात टिकेल.

पीएच_सात

नाही नाही नाही. प्लीज नको.

लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणामुळे, तेल वरून फक्त हवा अडवतं. आणि इथे तीच गोष्ट उलटी पडते. बोट्युलिझम म्हणजे अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा, तिचा जो जंतू आहे त्याला हवा नकोच असते, तुम्ही तेल ओतून त्याची सोय करता. त्याला आवर घालायला पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली लागतो आणि पिकलेला टोमॅटो नेमका त्या रेषेवर असतो, कधी खाली कधी वर. वरून तुम्ही बटर आणि कांदा घातलाय. त्या जंतूचं विष वासाला, चवीला कळत नाही.

तुरीनच्या आजी नुसता गर बाटलीत भरून वरून उकळतात, ते वेगळं काम आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम तर असा की नुसत्या टोमॅटोलाही लिटरमागे दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घालायचाच, बाटलीतला अशासाठी की त्याचा आंबटपणा ठरलेला असतो, आपलं झाडावरचं लिंबू कधी कसं निघेल सांगता येत नाही. घरच्या घरी तुम्ही एवढं करणार नाही. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, नाहीतर सरळ फ्रीझर.

जर्सी_जोशीण

+१ फ्रीझर. झिपच्या पिशवीत पातळ पसरून आडवी ठेवायची, गोठली की वह्यांसारख्या उभ्या रचता येतात आणि हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. तीन महिने आरामात. पिशवीवर तारीख लिहा, नाहीतर नंतर कळत नाही सॉस आहे की मागच्या वर्षीचा आमरस. आमच्याकडे एकदा पुरीबरोबर सॉस आला होता पाहुण्यांसमोर.

कॅरेटवाला_जुन्नरी

काल घरी केला. बायको म्हणाली एवढे टोमॅटो आटवून एवढंसं होतं होय. मी म्हटलं आपल्या शेतीचं पण तसंच आहे.

पोरांनी पास्ता नाही, शेवयांवर घातला. उडाला.

पुदिना_पराठा

पिशव्या फ्रीझरमध्ये गेल्या, चार. सगळ्यांचे खूप आभार, वाचनखूण साठवलीय आणि कृती वहीत पण लिहिली.

पुरणयंत्र धुवून, उन्हात वाळवून, परत माळ्यावर ठेवायला गेले तर त्यावर चिकटपट्टी लावून साबांच्या अक्षरात लिहिलंय: "फक्त पुरण." आणि शेजारी आज बोहारणीकडून घेतलेलं एक दुसरं, जरा चेपलेलं, त्यावर लिहिलंय: "सार." बदल्यात नवऱ्याच्या दोन जीन्स गेल्यात, त्याला अजून माहीत नाही.

नवा_गडी

मस्त धागा! घाईत आहे त्यामुळे सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. यात केचप किती घालायचं?

अर्धा_चहा

रानजाईताई, तुम्ही सांगा. माझ्याच्याने होणार नाही.